आम्ही फ्यूजन वाजवत नाही

दिव्यानी रामटेके युरोपातली चांगली चाललेली कारकीर्द सोडून नागभीडला परत आली, तेव्हा गावानं दोन तर्क केले. एक, तिकडे काहीतरी बिनसलं असणार. दोन, नवऱ्याशी पटलं नसणार. नवरा मुळात नव्हताच, त्यामुळे दुसरा तर्क लवकर मागे पडला. पहिला मात्र थोडाफार खरा होता.

तिचे वडील अश्वजित रामटेके रेल्वेत पॉइंट्समन होते. स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये ती वाढली. क्वार्टरच्या मागच्या गल्लीत लटारू बोरकुटे राहत. पावसाळ्यात ते धान लावत आणि दिवाळीनंतर नाटकात फिडल वाजवत. व्हायोलिनला ते जन्मभर फिडलच म्हणत आले. धान घरात आलं की वडसा-नागभीडच्या या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगाव मंडप पडतात, रंगमंचावर नट असतात आणि मंचासमोर खाली, प्रेक्षकांकडे पाठ करून, वादक बसतात. लटारूभाऊ त्या रांगेत ऑर्गनवाल्याच्या बाजूला बसायचे. फिडल हनुवटीखाली न दाबता छातीला टेकवायचे, कारण नजर सतत वर ठेवावी लागे. नट कुठलं वाक्य गाळेल आणि कधी एकदम रडायला लागेल, याचा नेम नसे.

दिव्यानी त्यांच्याच ओट्यावर बसून शिकली, तीही तशीच छातीला टेकवून. बारावीनंतर मुंबईला एका नावाजलेल्या शिक्षकांकडे गेली, तर त्यांनी तिची पकड पाहून कपाळाला हात लावला. "हे काय तमाशातलं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "नाटकातलं आहे, सर." वर्गात सगळे हसले. पुढची वर्षं तिनं हनुवटीखाली व्हायोलिन धरायचं मान मोडून शिकून घेतलं, आणि चांगलं शिकली. शिष्यवृत्ती मिळाली, हॉलंडला गेली.

तिथं जुन्या संगीताचा एक वेगळाच विभाग होता. सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपातलं संगीत, ज्याला बरोक म्हणतात, ते त्याच काळच्या वाद्यांवर आणि त्याच काळच्या पद्धतीनं वाजवायचं. तारा धातूच्या नाहीत, मेंढीच्या आतड्याच्या. गज हलका आणि आखूड. पट्टी आजच्यापेक्षा साधारण अर्ध्या सुरानं खाली. कुतूहल म्हणून ती एका वर्गाला जाऊन बसली. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी सगळ्यांच्या व्हायोलिनवरची हनुवटी टेकवायची पट्टी काढायला लावली आणि म्हणाल्या, वाजवा. सगळ्यांची वाद्यं घसरायला लागली. एक मुलगा तर चक्क घाबरला. दिव्यानीनं व्हायोलिन छातीला टेकवलं आणि वाजवायला लागली.

बाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. तिनं नाव सांगितलं. बाईंनी ते तीनदा म्हणून पाहिलं. ट त्यांना शेवटपर्यंत जमला नाही.

त्या दिवसापासून दिव्यानीनं दुसरं काही वाजवलं नाही. आधी ती वाद्यवृंदांत मागच्या ओळीत बसायची, मग पुढच्या, मग पहिल्या खुर्चीवर. बरोक वाद्यवृंदात काठी हलवत समोर उभा राहणारा माणूस बहुधा नसतो. पहिलं व्हायोलिन वाजवणाराच श्वासानं, मानेनं, गजाच्या उचलीनं सगळ्यांना नेतो. हे काम तिला फार जमायचं. वर पाहत वाजवायची सवय होतीच. अनेक शहरांतले वाद्यवृंद तिला संचालक म्हणून बोलवायला लागले. ती कडक होती. तालमीला उशिरा येणाऱ्यासाठी दार उघडायची नाही. पण तिच्या हाताखाली वाजवलेले लोक पुन्हा तिच्याकडेच वाजवायला मागायचे.

समीक्षक कौतुक करत, पण कसं? "भारतीय जंगलाची आदिम ऊर्जा." "वाघांच्या प्रदेशातून आलेली वादळी कन्या." एका वर्तमानपत्राला तिनं पत्र पाठवलं की, मी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले. आमच्या घरामागे जंगल नव्हतं, मालधक्का होता. पत्र छापून आलं. पुढच्या मैफिलीच्या जाहिरातीत पुन्हा वाघ होता.

मग जर्मनीतल्या एका मोठ्या वाद्यवृंदानं तिला कायमचं संचालकपद देऊ केलं. बोलणी जवळजवळ झाली होती. शेवटच्या बैठकीत त्यांच्या प्रसिद्धीप्रमुखानं कल्पना मांडली. पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर दिव्यानीचा जंगलातला फोटो असावा, आणि दोन-तीन रचनांत आदिवासी ढोल घालावेत. दिव्यानीनं शांतपणे विचारलं, "तुमचे आधीचे संचालक बव्हेरियाचे होते. त्यांना गायीसोबत फोटो काढायला लावला होता का?"

कुणी हसलं नाही. पद दुसऱ्याला मिळालं. त्यानंतर 'अवघड बाई' अशी तिची ख्याती झाली आणि बोलावणी कमी व्हायला लागली. दोन हंगाम तिनं वाट पाहिली. मग व्हायोलिन, आतड्याच्या तारांची पाकिटं आणि स्वरलिपीच्या दोन पेट्या घेऊन ती घरी आली.

"आता काय करशील?" अश्वजितनी विचारलं. ते निवृत्त झाले होते आणि सकाळ-संध्याकाळ विहारात जाऊन बसत.

"तेच," ती म्हणाली. "इथी."

नागभीडसारख्या ठिकाणी बरोक वाद्यवृंद उभा करायचा म्हणजे माणसं कुठून आणायची, हा प्रश्न तिला सगळ्यांनी विचारला. तिनं माणसं शोधली. सोमारी पुंगाटी भामरागडकडची माडिया आदिवासी, ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नर्स. नागपूरला शिकत असताना चर्चच्या वाद्यवृंदात ती व्हायोलिन शिकली होती. दिव्यानीनं तिला व्हायोला दिला, म्हणजे व्हायोलिनचीच थोडी मोठी, जाड आवाजाची बहीण. राजुऱ्याच्या कोळसा खाणीतला एक फिटर हौसेनं चेलो, म्हणजे गुडघ्यांमध्ये धरायचं मोठं व्हायोलिन, वाजवायचा. सिरोंचाचे एक तेलुगू मास्तर, गडचिरोलीच्या कॉलेजातल्या दोन मुली, नाटकातले तीन-चार वादक. आणि पहिल्या रांगेत, दिव्यानीच्या शेजारी, लटारूभाऊ.

तालमी विहाराच्या सभागृहात व्हायच्या. समितीतल्या एकानं हरकत घेतली की हे चर्चचं संगीत आहे, विहारात कशाला? अश्वजित म्हणाले, "पोरगी शिकली, तिकडे गेली, त्या लोकाईचं संगीत त्याईच्याच बरोबरीनं वाजवून आली. आता ते विहारात वाजू नये म्हणता? बाबासाहेबांनी शिका म्हणलं, कोणतं शिकू नका ते नाई सांगतलं." त्यानंतर हरकत आली नाही.

लटारूभाऊंना स्वरलिपी वाचता येत नव्हती. ते कानानं पाठ करत, आणि पाठ केलेलं पुढच्या रविवारपर्यंत निम्मं विसरत. शिवाय जिथं मोकळी जागा दिसेल तिथं मुरकी घालत.

"लटारूभाऊ, तिथी काही नाई."

"सुनं वाटते, पोरी."

"वाटू द्या सुनं. तिथी सोमारी वाजवते. तिचं ऐकू येऊ द्या."

ते फुगून बसत. एकदा तर फिडल पेटीत घालून निघून गेले आणि बाहेर चहा पिऊन परत आले. पण ते येत राहिले. पावसाळ्यात दमट हवेनं आतड्याच्या तारांचा सूर सारखा हले, तासाला दोनदा सूर लावावा लागे, तरी येत राहिले. दोन वर्षांत त्या लोकांचं वाजवणं ऐकण्यासारखं झालं. उत्तम नव्हे. पण दिव्यानी डोळे मिटून ऐकायची तेव्हा तिला कुठल्याही गावाचं नाव आठवत नसे, फक्त रचना ऐकू यायची. तिला तेवढंच हवं होतं.

मग एका तालमीला विक्की आला.

विक्की चंद्रपूरचाच. नागपूर-मुंबईला कार्यक्रम भरवून त्यानं नाव काढलं होतं. ताडोब्याच्या कडेला एका मोठ्या रिसॉर्टवर तो जानेवारीत संगीत महोत्सव करणार होता. बेल्जियममधल्या एका महोत्सवाच्या बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. त्यांना पुढच्या उन्हाळ्यासाठी भारतातून एक वाद्यवृंद न्यायचा होता.

"ताई, तुमचंच होणार," विक्की म्हणाला. "मी ऐकलं ना आत्ता. अंगावर काटा आला."

"आम्ही फ्यूजन वाजवत नाही," दिव्यानीनं पहिल्यांदाच सांगून टाकलं. "ढोल नाही, नाच नाही. विवाल्डीची दोन व्हायोलिनांची एक रचना, मी आणि लटारूभाऊ, आणि त्याच काळातल्या दोन. जसं लिहिलंय तसं."

"जसं लिहिलंय तसं. टेन्शनच नका घेऊ."

लटारूभाऊंनी त्याच आठवड्यात ब्रह्मपुरीच्या टेलरकडे काळा कोट शिवायला टाकला. पासपोर्ट कुठं काढतात, याची चौकशी केली. त्यांची बायको बायनाबाई दारात उभी राहून गल्लीतल्या प्रत्येकीला सांगायची, "आमचे बुढे विमानात बसून राह्यले." लटारूभाऊ एवढे खूष झालेले दिव्यानीनं कधी पाहिले नव्हते. चाळीस-एक वर्षं ते मंचाच्या खाली बसले होते. फिडल वाजवताना त्यांचं तोंड कधी कुणी पाहिलंच नव्हतं.

महोत्सवाच्या दिवशी दुपारी ते सगळे दोन जीपा करून रिसॉर्टवर पोचले. फाटकावरच मोठा फलक होता. त्यावर वाघाचा जबडा, जबड्यात व्हायोलिन, आणि खाली अक्षरं: 'आदिवासी बरोक: जंगलाचा हुंकार'.

दिव्यानी जीपमधून उतरली आणि फलकाखाली उभी राहिली. सोमारी तिच्या बाजूला येऊन म्हणाली, "दीदी, आदिवासी तर मी एकटीच आहे."

मंचावर बांबूची झोपडी उभारली होती. मागे दोन ढोलवाले बसले होते, तेही गोंधळलेले. कपडे बदलायच्या खोलीत खाटेवर पोशाख मांडून ठेवले होते. मोरपिसांचे टोप, कवड्यांच्या माळा, मुद्दाम फाडलेल्या लुंग्या, बायकांसाठी खांद्यावर गाठ मारायचं लाल कापड. सोमारीनं एक टोप उचलला, उलटा करून आत पाहिलं. आत नागपूरच्या भाड्याच्या दुकानाचा शिक्का होता.

विक्की हात जोडत आला. "ताई, प्लीज. संगीत तुमचंच, एक सूर बदलू नका. फक्त लूक. आणि शेवटी दोन मिनिटं ढोल."

"तू शब्द दिला होता."

"दिला होता. पण वरून सांगितलं त्याचं काय करू? रिसॉर्टचे मालक आहेत, स्पॉन्सर आहेत. मी इथलाच आहे ना, ताई. मले माहीत आहे आपलं काय विकते ते. आपण काळे कोट घालून व्हायोलिन वाजवलं तर त्याईले काय नवं? ते तर त्याईच्या घरी रोज वाजते."

"मंग त्याईच्या घरच्यांपेक्षा चांगलं वाजवू. तेच नवं."

"नाई होणार ताई. पोशाख नाई तर कार्यक्रम नाई."

दिव्यानी म्हणाली, "ठीक आहे. नाई."

ती वळली आणि वाद्य पेटीत ठेवायला लागली. सोमारीनं टोप खाटेवर ठेवला, हात ओढणीला पुसले आणि व्हायोला उचलला. कॉलेजच्या मुली एकमेकींकडे पाहत होत्या. तेवढ्यात लटारूभाऊ बोलले.

"मी घालतो."

सगळे थांबले.

"मले कपड्याची लाज नाई," ते म्हणाले. "मी नाटकात राजा झालो, राक्षस झालो. नट नाई आला तर एकदा राणीही झालो. कपडे घातल्यानं माणूस मरत नाई."

"भाऊ, नाटकात तुमी राजाचं काम करत होते," दिव्यानी म्हणाली. "पायणाऱ्याले माहीत होतं की हे लटारू आहेत आणि राजाचं काम करून राह्यले. इथी तसं नाई. इथी ते म्हणणार की हे लटारू असेच आहेत."

"म्हणू दे! माझ्या वाजवण्यात काय फरक पडते?"

"पडते."

"तुले पडते." लटारूभाऊंचा आवाज चढला. काळ्या कोटाची गुंडी त्यांनी एकदा लावली, एकदा काढली. "तू जग पाहून आली. तुले जर्मनीनं बोलावलं, तू नाई म्हणाली. तुले नाई म्हणता येते. मले आजपर्यंत कोणी हो म्हणायले बोलावलं का? आज बोलावलं, तर तू नाई म्हणून राह्यली. माझ्या वाट्याचं नाई तू काऊन म्हणते?"

दिव्यानीनं पेटीचं झाकण लावलं. मग ती म्हणाली, "खरं आहे. तुमच्या वाट्याचं मी नाई म्हणत. ज्याले वाजवायचं त्यानं वाजवावं, माझा राग नाई. पण मी त्या झोपडीसमोर उभी राहत नाई. मले जमणार नाई."

लटारूभाऊ थांबले. नाटकातला आणखी एक वादकही थांबला. बाकीचे वाद्यं घेऊन जीपांकडे निघाले. आपण बरोबर आहोत याबद्दल दिव्यानीला शंका नव्हती. पण ज्यांच्या ओट्यावर शिकलो त्यांना आपण एकटं टाकून चाललो, हेही तितकंच खरं होतं.

ऊन कलायला लागलं होतं. हिरवळीवर खुर्च्या भरत होत्या. जीपवाले चहाला गेले होते, म्हणून सगळे फाटकाजवळ उभे राहिले. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर विक्कीचा आवाज आला. आधी मराठीत, मग इंग्रजीत.

"आणि आता, घनदाट जंगलातून थेट तुमच्यासमोर, आदिवासी कलाकार लटारू!"

ढोल वाजले. टाळ्या पडल्या. मग ध्वनिक्षेपकावर कुणीतरी खाकरलं.

"नमस्कार, मंडळी." तो नाटकातला आवाज होता, मंडपाच्या शेवटच्या बांबूपर्यंत पोचणारा. "माझं नाव लटारू बोरकुटे. गाव नागभीड, स्टेशनच्या मागं. मी धान लावतो आणि फिडल वाजवतो. घनदाट जंगलातून नाई आलो, जीपनं आलो. आता तुमी माझ्या डोक्यावर जे पाहून राह्यले, ती माझी पिसं नाईत. कोणाचीच नाईत. भाड्याची आहेत. सांजच्याले परत द्यायची आहेत. आपल्या झाडीपट्टीत रिवाज आहे, नाटक सुरू व्हायच्या आधी कोण कोणतं काम करते ते सांगायचं. तर मी इथी जंगली माणसाचं काम करून राह्यलो. लेखक विक्की."

आधी कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग बरेच जण हसले. फाटकावरचा पहारेकरी तर पोट धरून हसत होता.

"मले वाटलं होतं मी करीन," लटारूभाऊंचा आवाज एकाएकी खाली आला. "आरशात पायलं. टोप घातलेला मी. राजाचा टोप घातला तवा मले मी राजा दिसलो होतो. याच्यात मले कोणीच नाई दिसलं. पोरी, अजून फाटकावर असशील तर ये. हे एकट्याचं नाई, दोघाईचं आहे."

दिव्यानी पळत सुटली. पेटी छातीशी धरून, साडीचा काठ एका हातात उचलून. मागे सोमारी, मागे सिरोंचाचे मास्तर, सगळ्यात मागे चेलो खांद्यावर घेतलेला फिटर.

लटारूभाऊ मंचावर झोपडीसमोर उभे होते. टोप काढून त्यांनी झोपडीच्या खांबाला अडकवला होता. विक्की मंचाच्या बाजूनं खुणा करत होता, दात-ओठ खात होता. दिव्यानीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती मंचावर चढली नाही. मंचासमोर हिरवळीवर, जिथं झाडीपट्टीत वादक बसतात तिथं, तिनं बूड टेकलं. बाकीचे तिच्याभोवती बसले, मागे थांबलेला वादकही खाली उतरून आला. चेलोवाल्यानं पहिल्या रांगेतली एक खुर्ची, बसलेल्या माणसाला विचारून, घेतली. लटारूभाऊ वर, ती खाली. तिनं मान वर केली, श्वास घेतला आणि गज उचलला.

वाजवणं फार काही चांगलं झालं नाही. कोरड्या थंडीत तारांचे सूर चढले होते आणि लावायला वेळ मिळाला नव्हता. तिसऱ्या भागात लटारूभाऊ इतके पुढे पळाले की दिव्यानीला सगळ्यांना ओढत त्यांच्यामागे न्यावं लागलं. ढोलवाल्यांपैकी एकानं न राहवून मध्येच एक थाप दिली. तिनं नुसतं वर पाहिलं, त्यानं हात मांडीखाली दाबून धरले. लोक भलत्याच जागी टाळ्या वाजवत होते. पण कुणी उठून गेलं नाही. शेवटचा सूर थांबला तेव्हा लटारूभाऊ घामानं भिजले होते. त्यांनी वाकून नमस्कार केला. हातात फिडल घेऊन, पहिल्यांदाच प्रेक्षकांकडे तोंड करून.

बेल्जियमच्या बाई नंतर भेटल्या. त्यांना वाजवणं आवडलं होतं, शेजाऱ्यानं भाषांतर करून सांगितलेलं लटारूभाऊंचं बोलणं तर फारच. पण त्या प्रामाणिक होत्या. आमच्या मंडळाला फलकावर होतं तसं काहीतरी हवं आहे, म्हणाल्या, मी बोलून पाहते. त्या बोलल्याही असतील. महिन्याभरानं कळलं की दुसऱ्याच राज्यातला, ढोलांसकट वाजवणारा एक ताफा निवडला गेला.

विक्कीनं फोनवर दिव्यानीला बरंच सुनावलं. "तुमी माझं नाई, आपल्या जिल्ह्याचं नुकसान केलं, ताई." ती म्हणाली, "जिल्ह्याचं नाव तू वाघाच्या जबड्यात दिलं होतं, मी बाहेर काढलं." त्यानं फोन ठेवला.

लटारूभाऊंना सांगायचं काम अवघड होतं. ती गेली तेव्हा ते ओट्यावर बिडी ओढत होते. बायनाबाई दारात उभी होती. दिव्यानीनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बिडी विझवली.

"मले वाईट वाटलं," ते म्हणाले. "नाई वाटलं म्हणणार नाई. मले जायचं होतं."

"माहीत आहे."

"पण ते पिसाचं नाईच जमलं. मी खूप जमवून पायलं." मग रागावल्यासारखे म्हणाले, "आता इथीच वाजवू ना! कोणाची परवानगी लागते का?"

फेब्रुवारीत वडशाजवळच्या एका गावात नाटक होतं. त्या कंपनीचा मालक लटारूभाऊंच्या ओळखीचा. नाटकाआधी, दिवस मावळता मावळता, वाद्यवृंदानं वाजवायचं ठरलं. या वेळी सगळे मंचावर बसले, प्रेक्षकांकडे तोंड करून. लटारूभाऊंनी काळा कोट घातला होता. मंडपात लोक येत होते, चादरी अंथरत होते, ओळखीच्यांना हाका मारत होते. दोन व्हायोलिनं सुरू झाली तरी गोंगाट थांबला नाही. मागून एक जण ओरडला, "ओ बाई, गाणं म्हणा!" दुसरा म्हणाला, "नाटक सुरू करा ना बाप्पा!" मंडपात हशा पिकला.

दिव्यानीनं गज खाली घेतला. सगळे थांबले. ती उठली, मंचाच्या कडेपर्यंत आली आणि ध्वनिक्षेपक न घेता म्हणाली, "आमाले घाई नाई. तुमचं बोलणं झालं की सुरू करतो. हे संगीत तीनशे वर्षं थांबलं आहे, अजून थोडं थांबते."

"आणि नाईच आवडलं तर?" मागून तोच आवाज.

"तर नाटकानंतर मले येऊन सांगा. पण आधी पूर्ण ऐका. ऐकल्याशिवाय नाई म्हणायचं नाई."

ती जाऊन बसली. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. हळू भागापर्यंत पोचले, तर बाजूला भज्यांच्या गाडीवर भांडण लागलं. तिनं पुन्हा थांबवलं, पुन्हा वाट पाहिली. लटारूभाऊ तिच्याकडे झुकून कुजबुजले, "पोरी, असं तर सकाळ होईन."

"होऊ द्या," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा तिनं गज उचलला तेव्हा मागच्या रांगेतल्या त्या माणसाला त्याच्या बायकोनं कोपर मारून गप्प केलं. मंडपाच्या कडेला उभी असलेली काही माणसं खाली बसली. सगळी नव्हे. सोमारीचा जाड, गंभीर सूर खालून वर आला. लटारूभाऊंनी दिव्यानीच्या श्वासाकडे पाहिलं, आणि दोघांनी एकदम सुरुवात केली.